ग्वाडलूप रिव्हर स्टेट पार्क (टेक्सास): रात्रीचं कँपिंग करावं की दिवसभर जाऊन यावं?

मृद्गंध (ऑस्टिन)
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबा नाशिकहून येताहेत, दोघंही सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, बाबांचा गुडघा जरा कुरकुरतो पण चालायची आवड आहे. घरात दोन मुलं, एक ९ वर्षांचा आणि एक ५ वर्षांची. मॉल आणि देवळं दाखवून झालीत मागच्या वेळी, यावेळी नदीकाठी न्यावं असं मनात आहे. ऑस्टिनपासून दीड तासावर ग्वाडलूप रिव्हर स्टेट पार्क आहे ना, स्प्रिंग ब्रँच गावाजवळचं, तिथे एक रात्र टेंट टाकून राहावं की सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं? टॉयलेट कसे आहेत, नदीपर्यंत उतरायला किती त्रास, चूल पेटवता येते का, सगळं सांगा. आणि एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून विचारतेच, २०२५ च्या पुरानंतर याच नदीकाठी मुलांना घेऊन रात्री झोपायचं धाडस करावं का?

नदीवेडा (सॅन अँटोनियो)
मृद्गंध, हे पार्क माझ्या अगदी जवळचं आहे, घरापासूनही आणि मनापासूनही, त्यामुळे लांबलचक लिहिणार, वाचून घे.

आधी पैसे आणि बुकिंग. मोठ्या माणसाला दिवसाचे ७ डॉलर, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. तुम्ही चौघं मोठे म्हणजे २८ झाले. वर्षाचा टेक्सास स्टेट पार्क पास ७० ला मिळतो आणि त्यात तुझ्याच गाडीत बसलेल्या सगळ्यांचा प्रवेश माफ होतो, म्हणजे आईबाबा असेपर्यंत दोन-तीन ठिकाणी गेलात की पास वसूल. दिवसाचा पाससुद्धा आधी ऑनलाइन काढ, महिनाभर आधी मिळतो. शनिवार-रविवारी पार्क भरलं की गेटवरून परत पाठवतात, आणि हायवे ४६ वर गाडी वळवून घरी जाताना मुलांचे चेहरे बघवत नाहीत. कँपसाइट ५ महिने आधी उघडतात, त्यामुळे एप्रिलचा शनिवार आत्ता मिळणं अवघडच, मधल्या वारी मिळेल. साइटचं भाडं वेगळं आणि प्रवेशाचे ७ वेगळे, हे ध्यानात ठेव.

साइटचे तीन प्रकार. टर्की सिंकला वीज-पाणी दोन्ही, आरव्हीवाले (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांवाले) तिथे असतात. सीडर सेजला पाण्याचा नळ आहे, वीज नाही, झाडी चांगली, टेंटवाल्यांना बरी. वॅगन फोर्डला गाडी साइटपर्यंत जात नाही, सामान हातानं न्यायचं, पण नदीला जास्त जवळ. तुझ्याकडे आईबाबा आहेत, एप्रिलमध्ये एखाद्या रात्री गार वारा सुटला तर छोटा हीटर किंवा बाबांचं हीटिंग पॅड लावता येईल, म्हणून मी टर्की सिंक म्हणेन. प्रत्येक साइटवर टेबल आणि आगीसाठी लोखंडी रिंग असते. चेक-इन दुपारी २ ला, सोडायची दुसऱ्या दिवशी १२ ला.

आता तुझा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, रात्री निवांत बसून वेगळी पोस्ट टाकतो.

आजीचा_डबा (राउंड रॉक)
टॉयलेटचं मी सांगते. शॉवरसकट बांधलेले रेस्टरूम आहेत कँपिंगच्या भागात, गरम पाणी येतं, आपल्याकडच्या कुठल्याही गर्दीच्या ठिकाणापेक्षा चांगले. आईंसाठी रात्रीचा टॉर्च आणि पायात बंद चप्पल मात्र हवीच, लाल मुंग्या (फायर अँट्स) टेक्सासभर आहेत आणि अंधारात वारुळावर पाय पडला की काही सेकंदांत पायभर आग होते. टेंट लावायच्या आधी जमीन नीट बघून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर मी घरूनच थालीपीठाचं पीठ भिजवून नेते, कुलरमध्ये दही, लोणी, ठेचा. रिंगवर जाळी टाकून आधी वांगी भाजायची, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत गॅसवरच्या भरितापुढे फारच उजवं लागतं, कच्चा कांदा, शेंगदाण्याचा कूट, वरून थोडं कच्चं तेल. मग त्याच निखाऱ्यावर कणसं. सकाळी कांदेपोहे आणि चहा, त्यासाठी मात्र छोटी गॅसची शेगडी न्या, सकाळी उठून लाकूड पेटवत बसायला नको. रात्री झोपताना खाण्याची एकूण एक गोष्ट गाडीत बंद करून ठेवा. रॅकून येतात आणि कुलरचं झाकण सहज उघडतात, आमच्या शेजारच्या साइटवरचा अख्खा ब्रेडचा पुडा ओढत झाडीत घेऊन गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मागे वळून बघत होतं ते, जराही घाई नाही.

नदीवेडा (सॅन अँटोनियो)
ताईंनी चुलीचं लिहिलंच आहे, त्यात भर. पार्कात पडलेलं लाकूड गोळा करायला मनाई आहे, सुकं लाकूड तिथेच कुजून माती व्हावं म्हणून. विकत घ्या, आणि जवळूनच घ्या. लांबून ओकचं लाकूड आणू नका, त्यातून ओक विल्टचा रोग पसरतो आणि हिल कंट्रीतले (मध्य टेक्सासचा हा डोंगराळ भाग) शंभर-शंभर वर्षांचे ओक त्या रोगानं गेलेत. दुसरं म्हणजे बर्न बॅन. कोरडा काळ असला की काउंटी आग पेटवायला बंदी घालते, मग लाकूड-कोळसा सगळं बंद, अशा वेळी गॅसच्या शेगडीचं काय ते निघायच्या दिवशी पार्कला फोन करून विचारायचं. भरताची वांगी घेऊन पोचलात आणि बॅन लागलेला असला तर वांगी तशीच परत.

सांगलीकर (ह्यूस्टन)
आम्ही जातो दरवर्षी, ह्यूस्टनहून साडेतीन तास पडतात, तरी जातो. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला समुद्रापेक्षा नदी बरी वाटते. मोठमोठे बॉल्ड सायप्रस आहेत दोन्ही काठांना, मुळं थेट पाण्यात, पलीकडे चुनखडीचा उभा कडा, पाणी कमी असलं तर तळ दिसतो इतकं स्वच्छ.

मृद्गंधताई, एक विचारतो, मुलांना ट्यूबिंग (हवा भरलेल्या ट्यूबवर बसून नदीतून वाहत जाणं) करायचंय का? लोक न्यू ब्रॉनफेल्सचं ट्यूबिंग आणि हे पार्क एकच समजतात. नदी एकच पण तऱ्हा वेगळी. न्यू ब्रॉनफेल्सचं सगळं कॅनियन डॅमच्या खाली, १९६४ साली बांधून झालेलं धरण आहे, पाणी तळातून सोडतात म्हणून भर उन्हाळ्यातही गार लागतं आणि किती सोडायचं ते माणसाच्या हातात. पार्क धरणाच्या वर आहे. तिथे पाऊस पडला तर नदी, नाही पडला तर नुसते डोह. दुष्काळाच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर ट्यूब डोक्यावर घेऊन दगडांतून चालत यावं लागतं.

पाखरू (बर्नी)
एप्रिल म्हणालात म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. गोल्डन-चीक्ड वार्बलर! आपल्या शिंपी पक्ष्याएवढा जेमतेम, गाल पिवळेधमक, डोळ्यातून काळी रेघ. जगात फक्त मध्य टेक्सासमध्ये घरटं करतो, दुसरीकडे कुठेही नाही. मार्चमध्ये मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून येतो आणि जुन्या अॅश जुनिपरची (इथले लोक सीडर म्हणतात तेच झाड) साल लांब पट्ट्यांनी सोलून, कोळ्याच्या जाळ्यानं सांधून घरटं विणतो. साल सुटायला झाड बऱ्यापैकी म्हातारं लागतं, त्यामुळे जुनी झाडं तोडली की पक्षी संपला. १९९० पासून धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. सकाळी ७ च्या सुमारास झाडीतल्या पायवाटेवर बाबांना घेऊन उभे राहा, किणकिणता, जरा घरघरल्यासारखा आवाज वरून येतो. दुर्बीण न्या. बाबांना गुडघ्यामुळे लांब चालायला नकोच, हा पक्षी एका जागी थांबणाऱ्यालाच दिसतो.

शेजारी हनी क्रीक स्टेट नॅचरल एरिया आहे, तिथे मोकळं हिंडता येत नाही, गाईडबरोबरच नेतात, वेळ आधी बघून ठेवा. जमलं तर सोडू नका, झऱ्याचं हिरवं पाणी आणि काठाला बुटके पाम.

मृद्गंध (ऑस्टिन)
पाखरू, बाबा नांदूरमधमेश्वरला जाणारे आहेत, हे वाचून दाखवलं फोनवर तर आत्ताच दुर्बीण बॅगेत भरली म्हणाले 🙂 आजीचा_डबा, भरीत नक्की. नदीवेडा, तुमच्या पोस्टची वाट बघतेय.

नदीवेडा (सॅन अँटोनियो)
घे. लांब आहे.

४ जुलै २०२५ ला पहाटे याच नदीच्या वरच्या भागात, केर काउंटीत, काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात मुलींच्या कँपमधली लहान लहान पोरं होती. हंट गावापाशी नदी पाऊण तासात २६ फूट चढली. ही पहिली वेळ नव्हती. १७ जुलै १९८७ ला कंफर्टजवळ चर्चच्या कँपहून मुलांना घेऊन निघालेली बस आणि व्हॅन पाण्यात सापडली, १० मुलं गेली. २००२ च्या जुलैत तर इतकं पाणी आलं की कॅनियन लेकच्या सांडव्यावरून पहिल्यांदाच वाहिलं आणि खाली दगड कापून नवी घळ तयार झाली.

असं का होतं हे समजून घेतलं की घाबरायचं कुठे आणि निर्धास्त राहायचं कुठे ते कळतं. हिल कंट्रीत वर मातीचा थर वीतभरसुद्धा नाही, खाली चुनखडीचा दगड, उतार तीव्र. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा या डोंगरांवर चढते आणि कधीकधी एकाच जागी अडकून रात्रभर कोसळते. मुरायला जागा नाही, अंगणातल्या फरशीवर बादली उपडी केल्यासारखं सगळं पाणी एकदम ओढ्यात आणि तिथून नदीत. इथे या पट्ट्याला फ्लॅश फ्लड अॅली (अचानक येणाऱ्या पुरांचा पट्टा) म्हणतात ते यासाठी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जा, पण नदी बघून जा, आणि नदी बघायची ती घरी बसून, आकड्यात. यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खातं) साइटवर नदीचे गेज (पाणी मोजायची ठिकाणं) लाइव्ह दिसतात, थोड्या थोड्या वेळानं आकडा बदलतो. वरून खाली क्रम असा: हंट, केरव्हिल, कंफर्ट, मग पार्क, आणि पार्कच्या थोडं खाली स्प्रिंग ब्रँच. आत्ता पार्कात किती पाणी आहे ते स्प्रिंग ब्रँचच्या आकड्यावरून कळतं, पुढच्या काही तासांत काय येणार ते कंफर्टवरून. आकडा सीएफएसमध्ये असतो, म्हणजे आपला क्युसेकच, खडकवासल्यातून इतके क्युसेक सोडले असं बातम्यांत ऐकतो ना तोच, सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर.

माझ्या घरचा हिशोब सांगतो, पार्कचा नियम नव्हे. १०० च्या खाली असेल तर ट्यूब दगडाला घासते, पण लहान मुलांना डुंबायला उत्तम. १५० ते ३०० मध्ये मोठ्यांना मजा, मुलं लाइफ जॅकेट घालून काठाकाठानं. ५०० च्या वर मी मुलांना पाण्यात सोडत नाही, पाणी मातकट दिसलं तर आकडा काहीही असो, सोडत नाही. आणि वरच्या भागात फ्लॅश फ्लड वॉच (असा पूर येऊ शकतो हा हवामान खात्याचा इशारा) असेल तर रात्रीचं बुकिंग रद्द, पैसे गेले तर गेले.

सांगलीकर (ह्यूस्टन)
नदीवेडा, फार नीट लिहिलंत. यात माझं एक जोडतो, कारण आमच्यासारख्यांची इथेच फसगत होण्यासारखी आहे. सांगलीत आम्ही लहानपणापासून आयर्विन पुलाची पातळी ऐकत आलो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती जातंय, फुटाफुटानं चढणारं पाणी. २००५ बघितला, २०१९ ला घरच्यांना फोनवरून धीर दिला. त्या पुराला दिवस लागतात. माणूस वरच्या मजल्यावर सामान चढवतो, जनावरं सोडतो, पाहुण्यांकडे जातो. ती सवय मनात असली की वाटतं, पाणी वाढलं तर बघू तेव्हा, उठून जाऊ. इथे तेवढा वेळ मिळत नाही. माझे वडील पार्कात आले तेव्हा पहिल्यांदा कडेची सायप्रसची झाडं बघून म्हणाले, फांद्यांत एवढा कचरा कुणी टाकला? डोक्याच्या बरंच वर, बारक्या काटक्या, वाळलेलं गवत, प्लास्टिकची एक चिंधी, सगळं एकाच दिशेला वाकून फांदीला गुंडाळलेलं. कुणी टाकलेलं नव्हतं, आधीच्या पुराचं पाणी तिथवर येऊन गेलं होतं. मुलांना आधी ते दाखवा, आपोआप कळतं त्यांना.

डॅलसकर_बंडू
सगळं वाचतोय. पण एवढी चिंता करत जायचंच कशाला? इंक्स लेकला जा ना, पातळी कायम सारखी असते तिथली, मुलं डुंबतील, आईबाबा सावलीत बसतील. पेडरनॅलिस फॉल्सही ऑस्टिनपासून जवळ.

नदीवेडा (सॅन अँटोनियो)
बंडू, इंक्स लेक छानच आहे आणि ज्यांना हे गेज वगैरे बघायचं नाही त्यांनी खरंच तिथे जावं. पेडरनॅलिस मात्र याच जातीची नदी आहे बरं, धबधब्याच्या भागात पाण्यात उतरायला मनाई आहे आणि पाणी कसं पटकन चढतं याच्या पाट्या लावल्यात जागोजागी. चिंता करत जा असं मी म्हणत नाहीये. पार्कच्या कँपसाइट नदीच्या पात्रात नाहीत, वर पठारावर आहेत बहुतेक, आणि रेंजर वेळेवर माणसं हलवतात. पण त्यांच्या आधी आपल्याला माहीत असलेलं बरं. खरा धोका कित्येकदा रस्त्यात असतो, हिल कंट्रीतल्या लो वॉटर क्रॉसिंगवर, म्हणजे रस्ता जिथे पुलाशिवाय ओढ्यातूनच जातो तिथे. १२ इंच वाहतं पाणी छोटी गाडी ढकलतं, २ फुटांत एसयूव्हीसुद्धा जाते. रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी वळवायची, पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही.

आजीचा_डबा (राउंड रॉक)
मला विचाराल तर आईबाबांना पहिल्यांदा दिवसभर न्या. सकाळी लवकर पोचा, दिवसाच्या पार्किंगमधून नदीपर्यंत उताराची वाट आहे, जाताना सोपी, येताना बाबांच्या गुडघ्याला जाणवेल, काठी आणि एक घडीची खुर्ची असू दे. नदीकाठी दगडगोटे आहेत, सगळ्यांना पाय धरून ठेवणारे वॉटर शूज हवेत, साध्या स्लिपर पाण्यात वाहून जातात. आणि साडीत पाण्यात उतरायची हौस असेल आईंना तर घोटाभर पाण्यात दगडावर बसवा, माझ्या सासूबाई तासभर पाय सोडून बसल्या होत्या आणि गंगेची स्तोत्रं म्हणत होत्या.

शुभम_एनजे
मंडळाचे ३५-४० जण मिळून जायचं म्हटलं तर? एका साइटवर सगळे जमून गाणीबिणी?

नदीवेडा (सॅन अँटोनियो)
शुभम, एका साइटवर ८ माणसं, त्यापेक्षा जास्त नाही. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. दारू उघड्यावर चालत नाही टेक्सासच्या स्टेट पार्कात. ४० जणांना दिवसा जाऊन यायलाच सुचवेन, पास प्रत्येक गाडीनं आधी काढलेले हवेत. आणि स्पीकर नको, कळकळीनं सांगतो. पेटी-तबला नसला तरी चालेल, तोंडी गाणी म्हणा हळू आवाजात. लोक तिथे पाण्याचा आवाज ऐकायला येतात.

मृद्गंध (ऑस्टिन)
सगळं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. ठरलं असं: पहिल्यांदा मंगळवारी दिवसभर जाणार, वार्बलर बघायला पहाटे निघणार. ते नीट पार पडलं तर पुढच्या आठवड्यात टर्की सिंकला एक रात्र, बुधवारची साइट मिळतेय, आत्ताच काढून ठेवते. मुलाला कंफर्ट आणि स्प्रिंग ब्रँचचे गेज दाखवले, आता रोज शाळेतून आला की आकडा बघून वहीत लिहितोय, आज ८४ आहे म्हणे. अजून दोन शंका: मुलाला गळ टाकायचाय, लायसन्स लागतं का? आणि तिथे फोनला रेंज असते का?

पाखरू (बर्नी)
स्टेट पार्कच्या आत काठावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. ग्वाडलूप बास मिळाला तर नीट बघून अलगद परत सोडायला सांगा त्याला, टेक्सासचा राज्य-मासा आहे तो, १९८९ पासून.

नदीवेडा (सॅन अँटोनियो)
८४ म्हणजे मुलांसाठी झकास. रेंजचा भरवसा नाही, काही साइटवर लागते, काठावर उतरलं की जाते. म्हणून फोनवर येणाऱ्या इशाऱ्यावर विसंबू नकोस, रात्र काढणार असशील तेव्हा एनओएएचा वेदर रेडिओ घे, अलार्मवाला, हवामान खात्याचा इशारा आला की आपोआप वाजतो. सेल जास्तीचे ठेव आणि टेंटमध्ये उशाशी ठेव, गाडीत नको. पोचल्यावर दिवसाउजेडी एकदा साइटपासून वरच्या रस्त्यापर्यंत सगळ्यांना चालवून आण, बाबांना किती वेळ लागतो तेही कळेल. किराणा हायवे २८१ आणि ४६ च्या चौकात बुलव्हर्डीच्या एचईबीत घे, पुढे ८ मैल काही नाही.